गॅलरीतील बाग : ऋतू बदलला, निगाही बदला

ठाणे, खास प्रतिनिधी

घोडबंदर रस्त्यावरील रोपवाटिकेतून किंवा डोंबिवली स्थानकाबाहेरच्या हातगाडीवरून हौसेने आणलेले अँथुरियमचे रोप जुलैपर्यंत दृष्ट लागण्यासारखे वाढते आणि ऑगस्टच्या अखेरीस एकाएकी माना टाकते. घरातील मंडळी त्याला पाणी कमी पडले असावे असे समजून आणखी एक तांब्या ओततात. आठवडाभरात झाड हातचे जाते. वास्तविक ते तहानेने नव्हे, तर पाण्यात गुदमरून मेलेले असते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या गॅलऱ्यांमधील झाडांचा घात दुर्लक्षापेक्षा अशा अवेळी केलेल्या काळजीनेच अधिक वेळा होतो. झाडाचा मूळ प्रदेश आणि आपल्याकडील ऋतुचक्र यांचा मेळ घातला, तर हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते.

उष्ण कटिबंध एक, स्वभाव दोन

ठाणे शहर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधातच वसलेले आहे. मग उष्ण कटिबंधातील झाडे येथे आपोआप का जगू नयेत, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पावसाच्या वाटणीत आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. याउलट कोलंबिया-इक्वेडोरमधील ज्या जंगलांतून अँथुरियम आले, तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत राहतो आणि हवेतील दमटपणा फारसा हटत नाही.

यावरून कुंडीतील झाडांचे दोन गट करता येतात. अँथुरियम, पीस लिली, मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, डिफेनबेकिया, मनी प्लांट आणि क्रोटन ही सतत दमट हवेत वाढणारी झाडे पहिल्या गटात येतात. चाफा, बोगनवेल, ॲडेनियम, स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट ही दुसऱ्या गटातील झाडे कोरडा ऋतू सोसण्यासाठीच घडलेली आहेत. मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेला चाफा कोरड्या दिवसांत पाने गाळून स्वस्थ बसतो. पूर्व आफ्रिकेतील झेडझेड प्लांट जमिनीखालील गड्ड्यांत, तर ॲडेनियम फुगीर बुंध्यात पाणी साठवते. पहिल्या गटाला आपला उन्हाळा जाचतो, दुसऱ्याला आपला पावसाळा. मोगरा, जास्वंद, तगर, अनंत ही आपल्या अंगणात रुळलेली झाडे या दोहोंच्या मधली आहेत.

पावसाळा : पाण्यापेक्षा हवेची टंचाई

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारित केलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून, तर परतीची ८ ऑक्टोबर आहे. या चार महिन्यांत कुंडीतील झाडाला खरी टंचाई भासते ती हवेची. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही; अशक्त झालेल्या मुळांवर बुरशी चढते आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून माती ओली असूनही पाने मरगळतात. ओल्या मातीत मरगळलेले झाड ही मूळकुजीची खूण समजावी आणि पाणी ताबडतोब थांबवावे. झाड हलकेच उपसून काळी, मऊ पडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत आणि उरलेले झाड नव्या, भुसभुशीत मातीत लावावे. निम्मी मुळे पांढरी व टणक असतील, तर ते वाचण्याची आशा असते.

पूर्वतयारी मे महिन्यातच हवी. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत का, ते काडी घालून पाहावे. रोपवाटिकेतून येणारी अनेक रोपे चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. हा गोळा पावसात चिखल आणि उन्हात वीट होतो. पहिल्या गटातील झाडांसाठी माती, कोकोपीट, कुजलेले शेणखत आणि जाडसर वाळू किंवा पर्लाइट यांचे मिश्रण चालते. ॲडेनियमसाठी वाळूचे प्रमाण निम्म्यापर्यंत न्यावे. कुंडी बदलणे, फांद्या लावणे ही कामे जून-जुलैत करावीत, कारण दमट हवेत नवी मुळे लवकर धरतात. चाफ्याची फांदी मात्र चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मगच लावावी. ॲडेनियम आणि स्नेक प्लांट थेट पावसात ठेवू नयेत.

पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागल्यास ती पाने काढून टाकावीत, कुंड्यांमध्ये अंतर ठेवावे आणि पाणी पानांवर न घालता मातीत घालावे. तळमजल्यावरील बागांत गोगलगायींचा उपद्रव होतो. संध्याकाळनंतर त्या हातमोजे घालून वेचणे हा साधा उपाय आहे.

ऑक्टोबर : सावलीला सोकावलेली पाने

पाऊस सरतो, आकाश निरभ्र होते आणि पारा पुन्हा चढतो. चार महिने ढगाळ प्रकाशात वाढलेली पाने कोवळी असतात. या पानांवर ऑक्टोबरचे थेट ऊन पडले की फिकट, कागदासारखे डाग पडतात. भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. त्यामुळे पाऊस थांबताच कुंड्या एकदम उन्हात न ढकलता आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने सरकवाव्यात. पावसाने मातीतील बरीच पोषणद्रव्ये वाहून गेलेली असतात, म्हणून या सुमारास मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड घालणे हिताचे ठरते.

थंडी : विश्रांतीचा काळ

समुद्रापासून जसजसे आत जावे, तशी रात्र अधिक गार होते. मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा कल्याण, बदलापूर पट्ट्यात थंडी अधिक जाणवते आणि किमान तापमान कधीकधी १५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते. एवढ्याने झाड मरत नाही, पण पहिल्या गटातील झाडांची वाढ मंदावते. वाढ मंदावली की पाण्याची गरज घटते. खताची तर जवळपास संपतेच. डिसेंबर-जानेवारीत स्नेक प्लांट व झेडझेड प्लांटला तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुरते. चाफ्याची आणि ॲडेनियमची पाने गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवू नये.

या दिवसांत जमिनीकडून येणारे कोरडे वारे पानांची टोके करपवतात. कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या तर त्यांच्याभोवती थोडा दमटपणा टिकतो. मोगऱ्याची छाटणी याच काळात करतात. त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण दिला, तर उन्हाळ्यात फुलांचा बहर चांगला येतो.

सूर्य जागा बदलतो, कुंडीही बदलावी

गॅलरीतील ऊन वर्षभर सारखे राहत नाही, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. डिसेंबरच्या अखेरीस ठाण्यात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. त्याचे ऊन दक्षिणाभिमुख गॅलरीत थेट आतपर्यंत पोहोचते. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीला किंचित उत्तरेला असतो. या काळात छज्जाखालील दक्षिण गॅलरी सावलीत जाते आणि एरवी अंधाऱ्या वाटणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. पश्चिमेची गॅलरी मार्च ते मे या महिन्यांत सर्वाधिक तापते. तेव्हा बोगनवेल व ॲडेनियम कठड्याजवळ आणि अँथुरियम-पीस लिली भिंतीलगत, अशी मांडणी करून वर्षातून दोनदा, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये, जागांचा फेरविचार करावा.

उन्हाळा : पाणीकपातीतील व्यवस्था

मार्च ते मे या काळात ठाणे-कल्याण पट्ट्यातील कमाल तापमान काही दिवस ४० अंशांच्या घरात जाते आणि त्याच सुमारास पाणीकपातही सुरू होते. अशा वेळी थोडेथोडे पाणी वारंवार शिंपडण्यापेक्षा सकाळी एकदाच, तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. वरवरच्या शिंपणाने मुळे पृष्ठभागाशी येतात आणि दुपारी भाजतात. मातीवर सुकी पाने किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंचांचा थर दिल्यास ओल टिकते. पहिल्या गटासाठी हिरवी शेडनेट लावावी.

डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही चालते, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. मात्र आरओ शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी रोज घालू नये. त्यातील क्षार कुंडीत साचत जातात, मातीवर पांढरा थर येतो आणि अँथुरियमसारख्या नाजूक झाडांची पाने कडेने जळतात.

कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी आणि देठांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण वाढतात. पाण्याच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू धुणे हा पहिला उपाय. त्यानंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने भाजतात.

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी कुंड्या सावलीत एकत्र ठेवाव्यात आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीतून सुती दोरीचे एक टोक प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचावे. दोरीतून पाणी हळूहळू झिरपत राहते. ही व्यवस्था निघण्यापूर्वी आठवडाभर करून पाहावी, म्हणजे बादली किती दिवस पुरते याचा अंदाज येतो.

बागेची जबाबदारी

बाग घरात असली, तरी तिचे परिणाम इमारतीवर आणि शेजाऱ्यांवर होतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांटची बाटली ही त्याची आवडती ठिकाणे आहेत. अंडी कोरड्या ताटलीला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून दर आठवड्याला पाणी ओतून देण्याबरोबरच ताटली घासणेही आवश्यक आहे. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलोची सहज होते. कठड्यावर मोकळ्या ठेवलेल्या कुंड्या पहिल्या वादळी वाऱ्यापूर्वी खाली उतरवाव्यात. डिफेनबेकियाच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. फिलोडेन्ड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम आणि मनी प्लांट याच कुळातील आहेत. रांगते मूल वा पाळीव प्राणी असलेल्या घरी या कुंड्या उंचावर ठेवाव्यात.

थोडक्यात

मार्च-मे : सकाळी भरपूर पाणी, आच्छादन, शेडनेट, किडींवर नजर.
मे अखेर : भोके मोकळी करणे, कठड्यावरील कुंड्या उतरवणे, ताटल्या काढणे.
जून-जुलै : कुंडी बदलणे, नवी लागवड, ॲडेनियम आडोशाला.
ऑगस्ट-सप्टेंबर : मूळकुज व पानांवरील ठिपक्यांची तपासणी, माती ओली असेल तर पाणी नाही.
ऑक्टोबर : उन्हाची हळूहळू सवय, खताचा हप्ता, जागाबदल.
नोव्हेंबर-फेब्रुवारी : पाणी कमी, खत बंद, मोगऱ्याची छाटणी, फेब्रुवारी अखेरपासून पुन्हा खत.

कोणत्याही ऋतूत झारी उचलण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. पहिल्या गटातील झाडांना एक पेर माती कोरडी लागली की पाणी द्यावे. दुसऱ्या गटातील झाडांना दोन्ही पेरे कोरडी लागल्यावरही दोन दिवस थांबावे.