शिवराई : ओळख व जपणूक

जुन्या देवळाचा पाया उकरताना कधीकधी हिरवट पडलेले तांब्याचे नाणे हाती लागते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ असे वाचता आले, की ती शिवराई समजावी. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या काळापासूनचे हे नाणे होय.

तथापि शिवराई सापडली एवढ्यावरून देऊळ शिवकालीन ठरत नाही. महाराजांच्या पश्चात पेशव्यांच्या अमदानीतही शिवराई पाडली जात होती, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावरही ती बाजारात चालत होती. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असल्या तर ती ‘दुदांडी’ शिवराई, ती उत्तरकाळची.

ग्रामस्थ बंधुभगिनींस विनंती की, असे नाणे चिंच लावून घासू नये, मोडीत घालू नये. अक्षर झिजले की साक्ष गेली. ते कोठे, किती खोलीवर सापडले याची नोंद ठेवावी. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. आपल्या देवस्थानाचा खरा काळ पुढील पिढीस सांगता यावा, यासाठी एवढी काळजी अवश्य घ्यावी.