पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अभ्याससाधने : कुठे काय मिळते, काय पारखून घ्यावे

बारावीनंतरची बीव्हीएससी अँड एएच ही पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यात साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. सीमाभागाला कर्नाटकात बिदर, तर महाराष्ट्रात शिरवळ आणि उदगीर येथे महाविद्यालये आहेत. पुस्तके जाडजूड, इंग्रजी आणि महाग. त्यामुळे मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या साधनांचा मोठा आधार होतो.

कुठे काय मिळते?

एमएसडी व्हेटरिनरी मॅन्युअल : पहिली आवृत्ती १९५५ ची. अमेरिकेत ते मर्क नावाने ओळखले जाते. आता पूर्ण मजकूर ऑनलाइन, मोफत. रोगाची कारणे, लक्षणे, निदान आणि उपचार एकाच जागी मिळतात.

आयसीएआरचे ई-कोर्स : भारतीय कृषी संशोधन परिषदेने पदवीच्या विषयांवर तयार केलेले धडे. भाषा सोपी असली तरी चालू अभ्यासक्रमाशी ताडून मगच वाचावेत.

कृषिकोश : देशातील कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांचे प्रबंध येथे आहेत. आपल्या हवामानातले, आपल्या जनावरांवरचे संशोधन पाहायचे तर हीच जागा.

जागतिक पशुआरोग्य संघटना : १९२४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची रोगनिदानाची नियमावली खुली आहे. लाळ्या-खुरकूत, लम्पी, पीपीआर यांच्या प्रयोगशाळा चाचण्यांसाठी उपयोगी.

तारीख आणि देश आधी बघा

ग्रुपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफ नोट्समध्ये डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक अजूनही सापडू शकते. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. म्हणून भारतात जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली. परदेशी मजकुरात किटोप्रोफेनचा डोस दिलेला असतो, कारण तिकडे ते चालते. परीक्षेत मार्क जातील ते वेगळेच. गोठ्यात मात्र अशी चूक महागात पडते. शंका आली तर शिक्षकांना विचारावे.

शेतकऱ्याची भाषा

हिमोरेजिक सेप्टिसीमिया म्हणजे घटसर्प, ब्लॅक क्वार्टर म्हणजे फऱ्या, मॅस्टायटिस म्हणजे कासदाह. लाळ्या-खुरकूतला कन्नड शेतकरी ‘कालुबायी’ म्हणतो. वहीत इंग्रजी नावापुढे मराठी आणि कन्नड नाव लिहायची सवय पहिल्या वर्षापासून लावावी. इंटर्नशिपला गावात गेल्यावर आजाराची हकिकत याच शब्दांत ऐकायला मिळते.

व्हिडिओ कितपत पुरतो?

अडलेल्या गाईचे वासरू कसे फिरवायचे, गाभण तपासणी कशी करायची, हे व्हिडिओत दिसते. पण गर्भाशय हाताला कसे लागते, हे पडद्यावर कळत नाही. ते दवाखान्यात, वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच शिकावे लागते. जाण्याआधी व्हिडिओ पाहावा आणि परत आल्यावर पुन्हा पाहावा. दुसऱ्यांदा जास्त समजतो.

एक गोष्ट पालकांनीही ध्यानात ठेवावी. ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार व्यवसाय करायचा तर मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेकडे नोंदणी, दोन्ही लागतात. प्रवेशाची फी भरण्याआधी महाविद्यालयाची मान्यता तपासून घ्यावी.