अँबॅसडर आणि फियाट : दोन मोटारींचा ताळेबंद

परप्रांतात नोकरी केलेल्या मराठी अधिकाऱ्यास अँबॅसडर मोटारीची ओळख करून देण्याचे कारण नाही. दिल्लीच्या सचिवालयापासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत सरकारचे आगमन अनेक वर्षे याच गाडीतून होत असे. रजेवर मुंबईस उतरताच मात्र स्थानकाबाहेर उभी असे ती काळीपिवळी फियाट. एक राज्यसत्तेची, दुसरी नागरिकांची, अशी वाटणी लोकमानसात रुजली. ती यंत्राच्या गुणांवर कितपत आधारलेली होती, हे पाहण्यासारखे आहे.

दोहींच्या मुळाशी स्वदेशी उद्योगाची एकच आकांक्षा होती. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली स्थापन झाली व पुढे तिचा कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे आला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या मोटारी कुर्ल्यास बनू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींमुळे नुसती जुळणी करणाऱ्या परकीय कंपन्यांना येथे वाव उरला नाही, आणि मैदान मुख्यतः या दोघींच्या हाती आले.

अँबॅसडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची भारतीय आवृत्ती. १९५७-५८ च्या सुमारास ती निघाली व लवकरच तिला १४८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. कुर्ल्याची फियाट ११०० ही १९६४ साली 'डिलाइट' या नव्या रूपात आली व १९७४ साली 'पद्मिनी' झाली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे व सुमारे ४० अश्वशक्तीचे. अँबॅसडरचे वजन अकराशे किलोंच्या वर, फियाटचे नऊशेच्या आत. भागाकार केला, तर दोहींत प्रत्येक अश्वशक्तीस बावीस-तेवीस किलोंचाच भार येतो. म्हणजे जिला दांडगी समजत ती आणि जिला चपळ म्हणत ती, कागदावर जवळजवळ समबल होत्या!

अनुभवातील भेद आला तो मुख्यतः आकारामुळे. अँबॅसडरच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे २४६ सेंटिमीटर, फियाटचे २३४. अँबॅसडरची मागची बैठक ऐसपैस. टोपी वा फेटा न उतरवता साहेबास बसता येई आणि खडबडीत रस्त्यावरही दौरा सुसह्य होई. फियाट मुंबईच्या गल्लीबोळांत सहज वळे व पेट्रोलही कमी पिई. बाकी स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, हे दोहींत सारखेच. शिवाय कलकत्त्यात टॅक्सी म्हणून धावे ती अँबॅसडरच. तेव्हा राजा-प्रजेची ती वाटणी पुरतेपणी खरी नव्हती. कारखान्याची जवळीकही निवड ठरवीत असे.

परंतु इतिहासाचा खरा प्रश्न निराळा आहे. या दोन्ही मोटारी युरोपात कालबाह्य झाल्यावरही येथे दशकानुदशके जवळपास तशाच बनत राहिल्या. परवाना, आयातबंदी आणि लांबलचक प्रतीक्षायादी यांमुळे गिऱ्हाईक आधीच बांधलेले असे. त्यास खूश करण्याची निकड कारखान्यास भासली नाही. संरक्षण हे उद्योगास पाळण्यासारखे असते. मूल चालू लागल्यावरही ते पाळण्यातच ठेवले, तर पाय दुबळे होतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. तिचे इंजिन फियाटहूनही लहान, पण अंग इतके हलके की दर अश्वशक्तीचा भार स्पष्टपणे कमी. त्या एका गाडीने दोघींची उणीव उघडी केली.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू नोंदलीच पाहिजे. या मोटारींनी सुटे भाग बनविणारे कारखाने उभे केले आणि आडगावच्या मिस्त्रीसही इंजिन खोलून पुन्हा जोडण्याची विद्या दिली. पुढील उद्योगास ही शिदोरी उपयोगी पडली.

अँबॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. पद्मिनी त्याआधीच बंद झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या टॅक्सीनेही मुंबईचा रस्ता सोडला. दोघींची आठवण आपण मायेने काढतो, ते योग्यच. मात्र त्या इतकी वर्षे टिकल्या, यात त्यांच्या गुणांइतकाच आपल्या निरुपायाचाही वाटा होता, हे त्या मायेपोटी विसरू नये.