बाह्य मोडेम : दूरध्वनीची तार आणि घरगुती आंतरजालाचा आरंभ

आंतरजालाच्या इतिहासाचे लेखन बहुधा संशोधनसंस्था, मोठी संगणककेंद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या संहिता यांच्याभोवती झालेले आढळते. हे जाळे सामान्य गृहस्थाच्या घरात कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. तो मार्ग म्हणजे दूरध्वनीची तांब्याची तार होय. आणि त्या तारेच्या टोकाशी बसविलेली लहानशी पेटी म्हणजे बाह्य मोडेम. संगणकाच्या आत बसणारे मोडेमही होते आणि ते स्वस्तही पडत. तरीही बाह्य मोडेम दीर्घकाळ टिकून राहिला. त्याचे कारण केवळ सोयीचे नव्हते. दूरध्वनीच्या तारेला कोणी काय जोडावे, या वादाशी त्याचा निकटचा संबंध होता. त्या संबंधाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राचे प्रयोजन पाहावयास हवे. दूरध्वनीची यंत्रणा मनुष्याच्या आवाजासाठी निर्माण झाली. साधारणतः ३०० ते ३४०० हर्ट्झ या वारंवारतेच्या कक्षेतील ध्वनीच तीतून नीट वाहून नेले जात. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोन संकेतांची. त्यांचे विद्युत्स्पंद जसेच्या तसे या कक्षेतून जाऊ शकत नाहीत. म्हणून त्यांचे श्राव्य स्वरांत रूपांतर करणे आणि दुसऱ्या टोकास त्या स्वरांतून मूळ संकेत परत मिळविणे, ही दोन कार्ये आवश्यक ठरली. या दोन क्रियांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडून ‘मोडेम’ हा शब्द बनला. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ या योजनेसाठी रडारची माहिती दूरध्वनीच्या तारांवरून पाठविण्यात आली, तेव्हा या तंत्राला मोठ्या प्रमाणावर वाव मिळाला. १९६२ मध्ये आलेला ‘बेल १०३’ हा मोडेम दर सेकंदाला ३०० बिट पाठवीत असे. हाक देणाऱ्या बाजूस १०७० व १२७० हर्ट्झ आणि उत्तर देणाऱ्या बाजूस २०२५ व २२२५ हर्ट्झ असे चार स्वर त्यात योजिले होते. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकाच वेळी ‘बोलता’ येई. एका अक्षरास दहा बिट धरल्यास हा वेग सेकंदास तीस अक्षरे इतका होतो.

तंत्र सिद्ध झाले, तरी ते गृहस्थाच्या हाती येण्यास कायद्याची अडचण होती. अमेरिकेत दूरध्वनीचे यंत्र, तार आणि केंद्र या सर्वांवर ए. टी. अँड टी. या कंपनीचे स्वामित्व असे. परकी वस्तू त्या यंत्रणेस जोडू नये, असा तिचा नियम होता. बोलणे इतरांस ऐकू जाऊ नये म्हणून मुखयंत्रावर बसविण्याच्या ‘हश-अ-फोन’ नामक साध्या पेल्यासही तिने हरकत घेतली होती. १९५६ मध्ये न्यायालयाने ती अमान्य केली. पुढे टेक्सासमधील टॉमस कार्टर यांनी बिनतारी संचाचा दूरध्वनीशी मेळ घालणारे ‘कार्टरफोन’ हे उपकरण बनविले. त्यावरून उद्भवलेल्या वादात १९६८ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निर्णय दिला. यंत्रणेस अपाय होत नसेल तर ग्राहकास स्वतःचे उपकरण जोडता यावे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. तथापि कंपनीने संरक्षक जोडयंत्राची अट घातल्याने प्रत्यक्ष मोकळीक मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात उपकरणांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली, तेव्हा कोठे मोडेमची दोरी भिंतीवरील खाचेत थेट बसविणे शक्य झाले.

मधल्या काळात वापरात असलेला ध्वनिसंयोजक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दूरध्वनीचा हातात धरावयाचा भाग रबराच्या दोन वाट्यांत बसवावयाचा आणि मोडेमने त्याच्या कानात शिट्या घालावयाच्या, अशी ती रचना. तारेस स्पर्श करण्याची मुभा नाही, म्हणून आवाजाच्या वाटेने जावयाचे, हा तिचा अर्थ. खोलीतील गडबडीनेही संदेशात बिघाड होई. उपकरणाचा आकार विज्ञानाइतकाच कायद्यानेही ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळा.

मोकळीक मिळाल्यावरही दुसरा प्रश्न उरला. त्या सुमारास घरगुती संगणकांच्या अनेक जाती बाजारात होत्या आणि आत बसविण्याचा मोडेम प्रत्येक जातीसाठी वेगळा करावा लागे. मात्र १९६० मध्ये निश्चित झालेली ‘आर. एस.-२३२’ ही क्रमवार जोडणी पुष्कळ संगणकांत उपलब्ध होती किंवा करून घेता येई. १९८१ मध्ये डेनिस हेज यांच्या कंपनीने आणलेल्या ‘स्मार्टमोडेम’ने या जोडणीचा चतुराईने उपयोग केला. ज्या तारेतून मजकूर जाई तीतूनच मोडेमला आज्ञा देण्याची सोय त्यात होती. ‘ए टी’ या दोन अक्षरांनी आज्ञेचा आरंभ होई. त्यापुढे ‘डी टी’ आणि क्रमांक लिहिला की मोडेम स्वरांनी क्रमांक फिरवी, ‘डी पी’ लिहिले की जुन्या चकतीप्रमाणे ठोक्यांनी फिरवी. चालू संभाषणातून आज्ञेच्या अवस्थेत येण्यासाठी क्षणभर स्तब्धता, तीन अधिकचिन्हे आणि पुन्हा स्तब्धता असा संकेत होता. ही आज्ञावली इतर उत्पादकांनीही स्वीकारली आणि ती सर्वमान्य झाली. हेज यांची कंपनी १९९९ मध्ये बंद पडली. आज्ञावली मात्र तिच्यानंतरही टिकली.

वेगाची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. १९८४ मध्ये ९,६०० बिटांचे, १९९१ मध्ये १४,४०० बिटांचे आणि १९९४ मध्ये २८,८०० बिटांचे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. अरुंद आणि गोंगाटाच्या मार्गावरून किती माहिती जाऊ शकते यास मर्यादा असते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच दाखविले होते. ३३,६०० बिटांशी ही मर्यादा जवळ आली. १९९८ च्या ‘व्ही. ९०’ मानकाने ५६,००० पर्यंत मजल मारली, ती सेवादात्याची बाजू दूरध्वनी केंद्राशी अंकीय पद्धतीने जोडलेली असल्यामुळे. आणि तीही केवळ घराकडे येणाऱ्या दिशेने. २८,८०० च्या वेगाने एक मेगाबाइट मजकूर उतरण्यास सुमारे पाच मिनिटे लागत.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी आंतरजालसेवा सुरू केली. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वस्त खात्यात पडद्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रे नव्हेत. १९९८ च्या अखेरीस खाजगी सेवादात्यांना प्रवेश मिळेपर्यंत या क्षेत्रात निगमाचीच मक्तेदारी होती. ग्राहकास दुहेरी खर्च सोसावा लागे : एक आंतरजालाच्या तासांचा, दुसरा दूरध्वनीच्या एककांचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घरगुती ग्राहकास स्थानिक संभाषणासाठी मिनिटांचा हिशेब द्यावा लागत नसे. येथे मात्र घड्याळाबरोबर देयक वाढत असे. ज्या गावी सेवेचे केंद्र नव्हते तेथील ग्राहकास दूरच्या शहराचा क्रमांक फिरवावा लागे. दूरध्वनी मिळण्यासाठीच ज्या देशात वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागली होती, तेथे घरातील एकुलती एक तार तासभर अडवून ठेवणे ही कुटुंबातील लहानसहान गोष्ट नव्हती. बाहेरून येणारा फोन लागत नसे, आणि दुसऱ्या खोलीतील जोडयंत्र कोणी उचलले तर संबंध तुटे.

या परिस्थितीत बाह्य मोडेमचा विशेष गुण प्रत्ययास येई. त्याच्या दर्शनी भागावरील दिवे तार उचलली गेली की नाही, वाहक लहर मिळाली की नाही, मजकूर जातो की येतो, हे सांगत. आतील चकतीतून ऐकू येणारी शीळ व खरखर म्हणजे दोन यंत्रांनी वेग ठरविण्यासाठी केलेली बोलणी होती. दोष तारेत आहे, यंत्रात आहे की पलीकडे आहे, याचा अंदाज वापरणारा स्वतः करू शके. पेटी बंद करून पुन्हा चालू करता येई, त्यासाठी संगणक थांबवावा लागत नसे. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की दोरी काढून ठेवणे पुरे होई. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या स्वस्त अंतर्गत मोडेमांपैकी पुष्कळांनी आपले काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर सोपविले. त्यामुळे ते विशिष्ट कार्यप्रणालीशीच बांधले गेले. क्रमवार जोडणीचा बाह्य मोडेम कोणत्याही कार्यप्रणालीशी चाले.

रुंदपट्टा सेवा आल्यावर हे युग ओसरले. अमेरिकेत ए. ओ. एल. या कंपनीने आपली दूरध्वनीवरील आंतरजालसेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. घरात आजही पेटी असते, पण ती बहुधा सेवा देणारी कंपनीच बसविते आणि तिची आतील व्यवस्थाही कंपनीच्याच हाती असते. वेग सहस्रपटीने वाढला, यात संशय नाही. परंतु बाह्य मोडेमच्या काळी तार एकाची, आंतरजालसेवा दुसऱ्याची आणि पेटी ग्राहकाची अशी विभागणी असू शके, आणि तिच्यामुळे सेवादाता बदलावयाचा तर नवा क्रमांक व नवे परवलीचे शब्द पुरत. कार्टर यांच्या वादात जो प्रश्न निर्णीत झाला तो तारेच्या टोकावरील अधिकाराचा होता. तो अधिकार तांब्याच्या तारेपुरता मानावयाचा की तिच्या जागी आलेल्या काचतंतूसही लागू करावयाचा, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यास बाह्य मोडेमचा इतिहास टाळता येणार नाही.