कीटोन-तपासणी, मधुमेही बालकांची

इन्सुलिन अपुरे पडले की शरीरातील चरबीचे विघटन वाढते आणि यकृतात ॲसिटोॲसिटेट व बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ही कीटोन द्रव्ये तयार होऊन रक्तात साठतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलांत यातूनच कीटोॲसिडोसिस हा जिवावर बेतणारा विकार उद्भवतो.

इतिहास : टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचा अर्क टोचण्यात आला. ११ तारखेच्या पहिल्या अर्काने साखर थोडी उतरली, लघवीतील कीटोन मात्र हटले नाहीत. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ तारखेपासून दिल्यावर तेही गेले.

लघवीची तपासणी : पट्टीवरील नायट्रोप्रुसाइडमुळे फिकट रंग गुलाबी, मग जांभळा होतो. डब्यावर दिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवावा. लंगोटातील बाळासाठी त्यात कापसाचा बोळा ठेवून तो पट्टीवर पिळतात. डबा उघडा राहिल्यास पट्ट्या खराब होऊन कीटोन असूनही दिसत नाहीत. पद्धतीची मुख्य उणीव अशी, की ती ॲसिटोॲसिटेट ओळखते. कीटोॲसिडोसिसमध्ये अधिक असणारे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही. उपचारांत त्याचे पुन्हा ॲसिटोॲसिटेट होते, त्यामुळे मूल सुधारत असतानाही पट्टी गडदच राहू शकते.

रक्ताची तपासणी : बोटाच्या थेंबातून बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट थेट मोजतात. लिटरमागे ०.६ मिलिमोलपेक्षा कमी मूल्य सामान्य, १.५ च्या वर धोका वाढतो. ३ किंवा अधिक असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. पट्ट्या महाग असल्या, तरी आजारपणात हीच तपासणी अधिक भरवशाची.

केव्हा करावी : साखर २५० मिग्रॅ.च्या वर टिकून राहिल्यास, तसेच ताप, पोटदुखी किंवा उलटी असल्यास. उलटी झाली की साखर फार नसली, तरी कीटोन पाहावेतच. बाधलेल्या अन्नावर खापर फोडण्यात मोलाचे तास जातात. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे ही घराघरांत होणारी घातक चूक आहे. मात्रा डॉक्टरांना विचारून बदलावी, पण पायाभूत इन्सुलिन थांबवू नये. उपाशी मुलात साखर कमी असतानाही कीटोन आढळतात. तेव्हा त्याला साखर व इन्सुलिन दोन्ही लागू शकतात.

इन्सुलिन पंप : नळी तुंबल्यास काही तासांतच कीटोन वाढतात, कारण पंपात केवळ शीघ्र क्रियेचे इन्सुलिन असते.

उपचार : द्रव, इन्सुलिन व पोटॅशियम, रुग्णालयात.