जुनी पेटी (हार्मोनियम): पारख, मूल्य व खरेदी-विक्री

जुनी पेटी म्हणजे पूर्वी कोणाच्या तरी वापरात असलेली आणि पुन्हा विक्रीस आलेली हातभात्याची हार्मोनियम. मराठीत या वाद्याला बाजाची पेटी किंवा नुसते पेटी म्हणतात. भजन, कीर्तन, नाट्यसंगीत, लावणी आणि शास्त्रीय गायनाची साथ या सर्वांत पेटीचा वापर असल्याने महाराष्ट्रात जुन्या पेट्यांची खरेदी-विक्री सतत चालू असते. हा व्यवहार बहुतांशी तोंडी व ओळखीतून होतो. पेटीचे मूल्य तिच्या वयावरून किंवा बाहेरच्या लाकडी घडणीवरून ठरत नाही. ते मुख्यतः आतल्या सुरांवरून, म्हणजे वाऱ्याने कंप पावणाऱ्या पितळी पात्यांवरून ठरते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत वारकरी भजनाची आणि तमाशाची परंपरा शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे हे वाद्य तेथे देवळापासून कनातीपर्यंत सर्वत्र आढळते.

पार्श्वभूमी

इ.स. १८४० च्या सुमारास पॅरिस येथील अलेक्झांडर दबँ याने पायाने भाता चालवण्याचे एक वाद्य सिद्ध करून त्यास हार्मोनियम हे नाव दिले. मिशनऱ्यांबरोबर हे वाद्य भारतात आले. जमिनीवर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना पायपेटी गैरसोयीची होती. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची आटोपशीर पेटी तयार केली, आणि एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या अशी आज परिचित असलेली पद्धत रूढ झाली. मराठी संगीत रंगभूमीवर पायपेटी व ऑर्गन पुढेही बराच काळ टिकून राहिले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांमुळे साथीच्या या वाद्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा लाभली.

आकाशवाणीने मात्र १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. पेटीचे बारा स्वर ठरीव असतात, त्यातून मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. गावोगावच्या भजनात आणि फडांत पेटी या तीन दशकांतही वाजतच होती.

आरंभीच्या काळात सूर परदेशातून येत. पॅरिसचा कास्रिएल कारखाना भारतीय बाजारासाठी पेट्या पाठवीत असे. जर्मन सुरांपैकी ‘ज्युबिलेट’ हे नाव विशेष प्रसिद्ध आहे. दुसरे महायुद्ध आणि स्वातंत्र्यानंतरचे आयात-निर्बंध यांमुळे हा पुरवठा आटला. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील पालिताणा हे सूर बनवण्याचे प्रमुख केंद्र झाले असून देशातील पुष्कळ पेट्यांत तेथील सूर असतात. ‘पॅरिस सुरांची’, ‘जर्मन सुरांची’ आणि ‘पालिताण्याच्या सुरांची’ अशी पेटीची ओळख सांगण्याची रीत या इतिहासातूनच आली आहे.

जुन्नर व आंबेगाव परिसर

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. गुढीपाडव्याच्या आसपास येथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रांसाठी गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात. तमाशाची जुनी वाद्ये म्हणजे ढोलकी, हलगी, कडे, तुणतुणे आणि झांज. पेटी त्यांत मागाहून आली, पण आल्यावर पेटीमास्तर हे फडातले महत्त्वाचे पद झाले. अलीकडे मोठ्या फडांच्या रंगमंचावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड व बास गिटार दिसू लागल्याने पेटी मागच्या रांगेत गेली आहे.

भजनाची स्थिती वेगळी आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी म्हणून मानले जाणारे ओतूर आणि ज्ञानेश्वरांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी असलेले आळे ही दोन्ही गावे जुन्नर तालुक्यात आहेत. हरिनाम सप्ताह, काकडा व हरिपाठ यांमुळे या भागातील भजनी मंडळांना पेटी लागतेच. अशी पेटी सहसा वर्गणीतून घेतलेली, म्हणजे साऱ्या गावाची असते. ती देवळात राहते, अनेक हातांनी वाजते, उत्सवात दिवसभर बडवली जाते आणि एरवी महिनोन्‌महिने बासनात बांधलेली असते. घरगुती पेटीपेक्षा तिची झीज निराळी असते ती यामुळेच.

मूल्य सुरांत असते

पेटीतील प्रत्येक सूर म्हणजे पितळी पट्टीवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळी जीभ. वाऱ्याच्या दाबाने ती मागे-पुढे कंप पावते. एकेका पट्टीसाठी एक सूर असलेल्या रांगेला लाइन म्हणतात. खालच्या सप्तकाची लाइन ती खर्ज, मधली ती नर आणि वरची ती मादी. साडेतीन सप्तकांच्या, म्हणजे ४२ पट्ट्यांच्या तीन-लाइनी पेटीत १२६ सूर असतात. सव्वातीन सप्तकांच्या, ३९ पट्ट्यांच्या दोन-लाइनी पेटीत ७८. खरेदी करणाऱ्याने पेटी एक समजू नये, तो इतक्या सुरांचा संच समजावा.

चाचणीची रीत साधी आहे. एक खटका उघडा ठेवून बाकीचे बंद करावेत आणि त्या लाइनीतील सर्व पट्ट्या एकेक करून वाजवाव्यात. प्रथम अगदी हलक्या वाऱ्यावर, नंतर जोरकस. चांगला सूर थोड्या वाऱ्यावर उमटतो आणि वारा वाढवला तरी त्याची उंची फारशी ढळत नाही. जो सूर वारा वाढवल्यावरच जागा होतो त्यात धूळ असते किंवा त्याची जीभ वाकलेली असते. हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. खर्जाचे सूर मात्र थोडे उशिरा बोलतात. त्यांची जीभ लांब व टोकाला जड असते, त्यामुळे तो दोष धरू नये. एखादाच सूर शेजाऱ्यांपेक्षा अचानक उतरलेला आढळला तर ती जीभ मुळाशी चिरत चालल्याची खूण असू शकते. असा सूर पुढे तुटतो, म्हणून तो आजच बदलायचा असे धरून हिशेब करावा.

सूर मिळवताना कारागीर जिभेवरील पितळ कानशीने किंचित खरवडतो. टोकाजवळ खरवडले की सूर चढतो, मुळाजवळ खरवडले की उतरतो. प्रत्येक वेळी थोडे पितळ कमी होते आणि गेलेले पितळ परत येत नाही. वारंवार मिळवलेल्या पेटीच्या जिभा पातळ होतात व नाद पोकळ होतो. ‘परवाच सूर मिळवून घेतलेत’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच दुधारी आहे. झाकण उघडून जिभांवरील ओरखडे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. जुने ते सोने ही म्हण पेटीला सरसकट लागू पडत नाही: दहा वर्षे नीट ठेवलेली पालिताण्याच्या सुरांची पेटी ही पुन्हा पुन्हा कानस लागलेल्या पॅरिस सुरांच्या पेटीपेक्षा गायकाच्या अधिक उपयोगाची असते.

मूळ व बदललेले सूर ओळखण्यासाठी संपूर्ण लाइन एकत्र पाहावी लागते. एकाच संचातील सुरांचे पितळ एका छटेचे, रिव्हेट एका घडणीचे आणि शिक्के असल्यास एकाच ठिकाणी असतात. मधेच उजळ पितळ किंवा वेगळ्या मापाची पट्टी दिसली तर तेथे भरती झाली आहे असे समजावे. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असणे ही सूर अनेकदा काढल्याची खूण आहे. दोन-चार सूर बदललेले असल्यास वाजवणाऱ्याला फरक पडत नाही, संग्राहकाला पडतो.

वारा, लाकूड आणि पाऊस

सर्व खटके बंद करून भाता भरावा आणि कोणतीही पट्टी न दाबता तो किती वेळ तग धरतो ते पाहावे. लगेच बसला तर वारा गळतो आहे. गळती भात्याच्या घडीतून, पट्ट्यांखालच्या झडपांतून किंवा सुरांच्या फळीच्या सांध्यातून होते. घडीवरील कातडे व कापड बदलणे हे नेहमीचे काम आहे. फळीला चीर गेली असेल तर मात्र खर्च वाढतो व खात्रीही राहत नाही.

जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीला टेकलेली असून नाणेघाट व भीमाशंकरच्या अंगाला मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. ओल्या हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, उन्हाळ्यात तेच लाकूड आकसून वारा गळतो. जुना, पूर्ण मुरलेला साग यात कमी हलतो, आणि जुन्या पेटीच्या लाकडाला जे मोल आहे ते एवढ्याचसाठी. पावसाळ्यात अडकलेली पट्टी पाहून पेटी टाकाऊ ठरवू नये; उलट वैशाखात मोकळी चालणारी पेटी आषाढातही चालेल असे गृहीत धरू नये. झडपांखालच्या बनातीला कसर लागली आहे का, कातडे उंदरांनी कुरतडले आहे का आणि तळाला वाळवी आहे का, हे तळफळी काढूनच कळते.

स्वराची उंची

फ्रान्सने १८५९ मध्ये प्रमाण स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा ठरवला होता. आजचे कीबोर्ड व बहुतेक नव्या पेट्या ४४० वर मिळवलेल्या असतात. या दोहोंतील अंतर अर्ध्या स्वराच्या सुमारे एक पंचमांश, म्हणजे कानाला सहज खटकणारे आहे. जुन्या उंचीवर राहिलेली पेटी एकट्या गायकाबरोबर उत्तम चालते, पण कीबोर्डबरोबर वाजवता येत नाही. आणि ती ४४० वर चढवायची तर प्रत्येक जिभेचे टोक खरवडावे लागते. गिऱ्हाईक भजनी मंडळ आहे की ऑर्केस्ट्रा, यावर एकाच पेटीची किंमत बदलते ती अशी.

नव्या पेटीत जुने सूर

जुन्या विदेशी सुरांना मागणी असल्याने ते मोडक्या पेटीतून काढून नव्या खोक्यात बसवले जातात. याउलट जुन्या सुबक खोक्यात नवे सूर भरलेली पेटीही ‘जुनी’ म्हणून पुढे येते. शिवाय ‘जर्मन’ हा शब्द बाजारात अनेकदा उगमाऐवजी केवळ घडण सुचवतो. तिन्ही प्रकार वाजवण्यास चांगले असू शकतात. खोटेपणा वस्तूत नसतो, तो वर्णनात असतो.

तमाशाच्या मंचावर पोहोचलेल्या बास गिटारच्या जागतिक बाजारात हा भेद अधिक काटेकोरपणे पाळला जातो. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन’ ही बास गिटार बाजारात आणली. त्यांची कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या उद्योगसमूहाकडे गेल्यामुळे त्यापूर्वीच्या गिटारींना संग्राहक वेगळा, चढा दर देतात. १९८२ पासून त्याच कंपनीने जुन्या नमुन्यांच्या पुनरावृत्ती काढल्या, पण त्या पुनरावृत्ती म्हणूनच विकल्या जातात. त्या व्यवहारात गिटारीवरील क्रमांक, दांड्याच्या बुडावरील तारीख, मूळ रंग व मूळ पिकअप यांची तपासणी होते आणि बदललेल्या प्रत्येक भागागणिक किंमत उतरते. पेटीला असा सर्वमान्य क्रमांक नसतो. कारागिराची चिठ्ठी वा पितळी पट्टी असली तरी ती खोक्याची साक्ष देते, सुरांची नव्हे.

व्यवहाराची रीत

किंमत ठरवताना तेवढ्याच पट्ट्यांच्या व लाइनींच्या नव्या पेटीचा चालू दर आधाराला घेतात. त्यातून भाता, झडपा व सूर मिळवणे यांचा खर्च वजा होतो. सूर मूळ विदेशी व निरोगी असल्यास त्यांचे वेगळे मोल वर धरतात. कप्लर, म्हणजे एक पट्टी दाबली असता दुसऱ्या सप्तकातील पट्टीही चालवणारी योजना, आणि सगळी पट्टी सरकवून स्वर बदलण्याची स्केलचेंजर सोय यांनी नव्या पेटीची किंमत वाढते. जुन्या पेटीत मात्र हे भाग झिजून खडखडत असल्यास ते ओझेच ठरते.

वर्गणीच्या पेटीचा प्रश्न नाजूक असतो. ती विकण्यास किंवा नवीच्या बदल्यात देण्यास मंडळाची संमती घेऊन तसा ठराव वहीत नोंदवणे श्रेयस्कर. अशा बदलीत विक्रेता पेटीचा दर खोक्याच्या स्थितीवरून सांगतो, आणि झाकण न उघडता पेटी देणारे मंडळ आतील सुरांचे मोल गमावून बसते. बदली करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या पेटीवादकाकडून सुरांची तपासणी करून घेतल्यास हा तोटा टळतो.

कायदेशीर बाबी

पेट्यांच्या पिवळसर पट्ट्यांवर सामान्यतः सेल्युलॉइड असते, परंतु काही जुन्या विलायती ऑर्गनांच्या पट्ट्या हस्तिदंती आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनुसार भारतात हस्तिदंताच्या व्यापारास बंदी असल्याने असे वाद्य विकण्यापूर्वी पट्ट्यांची खात्री करून घ्यावी लागते. १०० वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू ही पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ मधील पुरावशेषाच्या व्याख्येत येऊ शकते आणि पुरावशेष खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांची पेटी परदेशी नेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने तिच्या वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी मिळवावा.