यिप/जंप म्युझिक: खेळण्यातल्या ऑर्गनवरचा अल्बम

‘यिप/जंप म्युझिक’ हा अमेरिकी गायक-गीतकार डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९) याचा अल्बम. १९८३च्या उन्हाळ्यात, ह्यूस्टनला भावाकडे राहत असताना त्याने तो एकट्याने रेकॉर्ड केला. स्टुडिओ नाही, साथीदार नाहीत. खेळण्यातला एक कॉर्ड ऑर्गन, थोडीफार गिटार आणि सान्यो कंपनीचा ५९ डॉलरचा मोनो टेपरेकॉर्डर. ‘लो-फाय’ म्हणजे मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की या अल्बमचं नाव हमखास येतं. जॉन्स्टनच्या बाबतीत मात्र त्यात मुद्दाम असं फारसं नव्हतं. त्याच्याजवळ होतं तेच एवढं होतं.

कॉर्ड ऑर्गन हा आपल्या पेटीचा चुलतभाऊच. दोन्ही वाद्यांत हवेच्या झोताने रीड थरथरतात आणि सूर उमटतो. फरक असा, की पेटीत हवा भात्याने भरतात, तर या ऑर्गनमध्ये विजेचा लहानसा पंखा ते काम करतो. उजव्या हाताने पट्ट्यांवर चाल वाजवायची आणि डाव्या हाताने बटणं दाबायची. एक बटण दाबलं की स्वरांचा अख्खा गट, म्हणजे कॉर्ड, एकदम वाजतो. फार न शिकताही गाण्याला साथ करता येते, म्हणून ही वाद्यं मुलांसाठी आणि घरगुती करमणुकीसाठी विकली जात.

पण पेटीवाल्याच्या हातात भाता असतो, त्यामुळे त्याला सूर फुलवता येतो, दबवता येतो. पंख्याला हे जमत नाही. पट्टी हळू दाबा की आपटा, आवाज तेवढाच. त्यामुळे या अल्बममध्ये चढउतार, उमाळा, थांबणं हे सगळं गळ्यावर येऊन पडतं, आणि जॉन्स्टनचा गळा उंच, कापरा, वयात येणाऱ्या मुलासारखा आहे. वाद्य एका पातळीवर घुरघुरत राहतं आणि त्यावर तो आवाज मोडतो, सावरतो. ऐकणाऱ्याला जो एकटेपणा जाणवतो तो बराचसा या विजोड जोडीतून येतो.

गाणी मात्र नुसती रडकी नाहीत. बीटल्स हे त्याचं दैवत. त्यांच्यावरच एक गाणं आहे. ‘किंग काँग’मध्ये त्या सिनेमाची गोष्ट तो वाद्याशिवाय सांगतो. ‘स्पीडिंग मोटरसायकल’मध्ये मोटरसायकल हेच मन. ‘वरीड शूज’ हे सर्वांत हळवं: चूक केलेला माणूस काळजीचे बूट घालून चालत राहतो.

सुरुवातीला जॉन्स्टनकडे कॅसेटची नक्कल करण्याची सोय नव्हती, तेव्हा दुसरी प्रत हवी असली की तो सगळी गाणी पुन्हा गाऊन रेकॉर्ड करी. पुढे एका फिरत्या जत्रेबरोबर निघून तो ऑस्टिनला पोहोचला, मॅकडोनाल्ड्समध्ये कामाला लागला आणि भेटेल त्याच्या हातात कॅसेट ठेवू लागला. १९८५मध्ये एमटीव्हीच्या ‘द कटिंग एज’ कार्यक्रमात तो दिसला.

त्याच्या मानसिक आजाराचा उल्लेख टाळता येत नाही, आणि तो केला की आजारालाच प्रतिभा समजण्याचा मोह होतो. या अल्बममधलं एक गाणं कॅस्पर नावाच्या गोड भुतावर आहे: जिवंतपणी कुणी न विचारलेला, मेल्यावर सर्वांचा लाडका झालेला. १९९०मध्ये वडील चालवत असलेल्या छोट्या विमानात जॉन्स्टनला आपणच कॅस्पर आहोत असं वाटू लागलं आणि त्याने इंजिनाची किल्ली बाहेर फेकली. वडील हवाईदलातले जुने वैमानिक. त्यांनी विमान कसंबसं झाडांत उतरवलं आणि दोघे वाचले. पुढे जॉन्स्टनला रुग्णालयात ठेवावं लागलं. गाणं लिहिणारा आणि किल्ली फेकणारा माणूस एकच असला, तरी गाण्याची नेटकी बांधणी आजाराने केलेली नाही.

होमस्टेड कंपनीने १९८९मध्ये हा अल्बम पुन्हा काढला, तेव्हा तो ऑस्टिनबाहेर पोहोचला. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने स्वतःच्या ५० आवडत्या अल्बमच्या यादीत त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. ‘किंग काँग’ पुढे टॉम वेट्सने गायलं, तर ‘वरीड शूज’ २००९च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपटासाठी कॅरेन ओने.